धोकादायक इमारतीच्या नोटिशीवर भाडेकरूंचीही नावं लिहा

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
(आणि नगररचना, घरफाळा विभागांत ज्यांच्या टेबलावर हा विषय येतो त्या सगळ्यांना)

सविनय नमस्कार.

मतदार यादीत माझं नाव अजून मंगळवार पेठेत आहे. यादीतला घर क्रमांक ज्या वाड्याचा, तो वाडा आता नाही. त्या जागी चार मजल्यांचं अपार्टमेंट आहे, खाली पार्किंग आहे, आणि कोपऱ्यात एक पांढरी गाडी उभी असते तिथं साधारण आमची मोरी होती. मी राहतो पाचगावात, भाड्यानं. म्हणजे आपल्या हद्दीबाहेर. मतदानादिवशी केएमटीची बस पकडून पेठेत येतो, शाईचं बोट घेऊन परत जातो. तेव्हा 'तुम्ही शहरात राहता का' असं कुणी विचारलंच, तर काय उत्तर द्यायचं ते मला नीट ठरवता आलेलं नाही.

वडील शाहू मिलमध्ये होते. मी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर काढली. मिलचा भोंगा घरात ऐकू यायचा म्हणून वडिलांनी ती खोली धरली आणि वर्कशॉप चालत गाठता यायचं म्हणून मी ती सोडली नाही. राजर्षी शाहूंचं नाव पहिल्याच ओळीत घेऊन पत्र लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी ते जरा मागं ठेवतो, पुढं एका कामासाठी लागणार आहे.

वाड्यात आम्ही नऊ बिऱ्हाडं. दोन खणांच्या खोल्या, मातीच्या जाड भिंती, वर कौलं, चौकात एक नळ आणि मागच्या परड्यात दोन संडास. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेऊन बसणाऱ्या काकी होत्या, गुजरीत सोन्याला टाका लावणारा कारागीर होता, सीपीआर या सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर, एक टेलर, एक केएमटीचे ड्रायव्हर, विनाअनुदानित शाळेतले एक सर. सकाळी सहाला नळावर जी रांग लागायची तिच्यात अर्धं कोल्हापूर चालवणारी माणसं उभी असायची. फुशारकी म्हणून सांगत नाही. दवाखाना, मंडई, बस, शाळा, सराफ कट्टा, सगळ्या ठिकाणी पहाटे किंवा रात्री उशिरा पोचावं लागणारी ही माणसं होती आणि पायी पोचता येईल इतक्या अंतरावर त्यांना परवडणारी जागा मिळालेली होती. ती कुठल्या योजनेतून आलेली नव्हती. सरकारचा एक रुपया त्यात नव्हता. शहरात ती आपोआप तयार झालेली होती, आणि म्हणूनच बहुधा तिची कुठंच मोजदाद नाही.

मालकाविरुद्ध पत्र आहे असं कृपया समजू नका. आमचे मूळ मालक, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, भला माणूस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला तेव्हा आमचं भाडं साठ रुपये होतं. कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ मिळते. चक्रवाढीनं धरलं तरी पंचवीस वर्षांत साठाचे एकशेसाठ होतात. म्हणजे बारा खोल्यांचा वाडा सांभाळणाऱ्याला एका खोलीच्या महिन्याच्या भाड्यात सिमेंटचं एक पोतंही येत नाही. आण्णा स्वतः पावसाळ्याआधी शिडी लावून कौलं परतायचे. त्यांच्यानंतर प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं लागली. त्यातली चार पुण्यात, दोन मुंबईत. अकरा जणांच्या वाट्याला येणाऱ्या त्या चिल्लरीसाठी कौलं कोण परतणार?

दुरुस्ती मालकानं करायची असं कायदा म्हणतो. त्यानं नाही केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आम्ही शेवटी समजुतीनं महिना दोनशे देत होतो. त्याचा हिशेब वर्षाला सहाशे होतो. सहाशे रुपयांत गवंडी येतो, भिंत बघतो, चहा पितो आणि जातो.

आमच्यातही सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. एकानं कळंब्याला स्वतःचं घर बांधलं आणि खोलीला कुलूप लावून पागडीची वाट बघत बसला. एकानं पोटभाडेकरू ठेवला. हे लपवून मी पत्र लिहिलं तर मालक मंडळी पहिल्या परिच्छेदातच मला पकडतील.

आता मूळ गोष्ट. जुलै २०२१ च्या पावसात मागची भिंत बसली. वाडा धोकादायक असल्याची नोटीस आली, ती बरोबरच होती. त्या भिंतीखाली पोरं खेळायची. त्याआधी सात-आठ महिने वारसांनी भाडं घेणं बंद केलेलं होतं. 'राहू दे हो, बघू नंतर.' आम्हाला तो चांगुलपणा वाटला. भाडं नाकारलं तर मनीऑर्डर करायची, पोच जपायची, हे आम्हाला नंतर एका वकिलानं सांगितलं. मग एक बिल्डर आला. बोलायला गोड. 'दीड वर्षासाठी बाहेर जावा, सगळ्यांना नवीन इमारतीत जागा.' शंभराच्या स्टँपवर आमच्या सह्या, त्याची सही, नोंदणी नाही. नऊपैकी दोघांनी रोख घेऊन विषय संपवला. टेलरला तळमजल्यावरच्या गाळ्यामागं एक खोली मिळाली. उरलेले आम्ही सहा जण पाचगाव, उचगाव, शिंगणापूर, फुलेवाडीच्या पुढं असे पांगलो. भाजीवाल्या काकी आता पहाटे चारला उठतात आणि मंडईत पोचायला वडापला, म्हणजे खाजगी शेअर गाडीला, रोज चाळीस रुपये घालवतात. आमच्या खोलीचं आख्खं भाडं त्यांच्या पाच दिवसांच्या वडापात जातं.

चूक आमचीच, कागद न वाचता सही केली. पण मला आपल्यापुढं मांडायचं आहे ते हे की कायद्याची दोन दारं आहेत आणि त्यातलं एक सताड उघडं आहे.

मालकाला इमारत पाडून नवी बांधायची असेल आणि तो कोर्टात गेला, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली कोर्ट आधी खात्री करून घेतं. पैसे हाताशी आहेत का, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे का, नव्या इमारतीतल्या राहत्या घरांची संख्या जुन्यापेक्षा कमी तर होत नाही ना, आणि प्रत्येक भाडेकरूला आहे तेवढी जागा देण्याची हमी मालकानं लिहून दिली आहे का. चोख व्यवस्था आहे. फक्त या दारातनं जायला वर्षानुवर्षं लागतात.

दुसरं दार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ चं. इमारत धोकादायक ठरली, नोटीस निघाली, माणसं बाहेर पडली, वाडा जमीनदोस्त झाला. इथं हमी नाही, खोल्यांची मोजणी नाही, काही नाही. जीव वाचवायचा असतो, घाई रास्तच असते. पण भिंत पडण्याची वाट बघत बसणं हेच मग सगळ्यात स्वस्त पुनर्विकास धोरण होऊन बसतं. कौलं परतायची नाहीत, पन्हाळीतला पिंपळ काढायचा नाही, तीन-चार पावसाळे जाऊ द्यायचे.

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलेलं आहे की महापालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा इमारतीबरोबर खालच्या जमिनीचाही असतो आणि जमीन तर जागेवरच असते. मला हे वाचून फार बरं वाटलं. पण जागेवर भाडेकरू कोण होता, किती खणांत होता, हेच जर कुठं लिहिलेलं नसेल, तर जमिनीनं साक्ष द्यायची कशी? मोकळ्या प्लॉटवर उभं राहून 'इथं माझी चूल होती' म्हणणाऱ्या माणसाकडं लोक कसं बघतात ते मी अनुभवलं आहे.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी. धोकादायक इमारतीची नोटीस काढताना, निदान रिकामी करायला लावण्याआधी, आत कोण कोण राहतं त्यांची नावं, कधीपासून, आणि प्रत्येक खोलीचं मोजून घेतलेलं माप एका कागदावर यावं. त्यावर मालक, भाडेकरू आणि पालिकेचा अभियंता अशा तीन सह्या. एक प्रत भाडेकरूच्या हातात. दोन माणसं, एक टेप आणि एक दुपार, एवढाच खर्च. मी आयुष्यभर शंभराव्या भागाच्या मापात काम केलं, मला कुणी मोजणी अवघड आहे म्हणून सांगू नये.

तोच कागद पुढं बांधकाम परवान्याच्या फाइलला जोडावा, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाशी नोंदणीकृत करार झालेला असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. यात बिल्डरवर अन्याय नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जास्तीचं चटईक्षेत्र मिळतं, ते भाडेकरूंमुळंच मिळतं. आमच्या डोक्यांच्या हिशेबावर मजला चढत असेल तर डोकी मोजलेली बरी.

सी-१, सी-२ ए, सी-२ बी, सी-३ असे धोकादायक इमारतींचे वर्ग आहेत. सी-१ म्हणजे लगेच रिकामी करा, पाडा. पण सी-२ बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती होऊ शकते. माझं म्हणणं, पेठांमधले वाडे सी-१ पर्यंत पोचायच्या आधी सी-२ ला असतानाच धरा. कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्य तपासणी सांगितलेलीच आहे. तिचा अहवाल फक्त मालकाच्या फाइलला न राहता आत राहणाऱ्यालाही दाखवला जावा.

आणि मालकालाही काहीतरी द्या. भाडेकरू दाखवला की घरफाळा फुगतो ही आपल्या शहरातली जुनी तक्रार आहे, त्यामुळं लोक भाडेकरूला 'पाहुणा' म्हणून दाखवतात. बारा बारा वर्षं राहिलेले पाहुणे आहेत आपल्याकडे. ज्यानं वाडा दुरुस्त केला आणि खोल्या कमी भाड्यानं राहत्या ठेवल्या त्याला घरफाळ्यात काही वर्षं सूट दिली, तर पालिकेचं थोडं बुडेल. पण त्याच्या बदल्यात शहराच्या मध्यावर दहा घरं टिकतील. दहा नवी बांधायला किती लागतात ते आपल्या विभागाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

इथं एक गोष्ट कबूल करतो, कारण ती माझ्या मागणीच्या विरुद्ध जाते. समजा आमच्या बाबतीत सगळं नियमानं झालं असतं, नऊच्या नऊ बिऱ्हाडांना नव्या इमारतीत मालकीची घरं मिळाली असती. आमचं भलं झालं असतं. पण भाड्याच्या नऊ खोल्या शहरातनं तरीही गेल्याच असत्या. पुढच्या वर्षी राधानगरीहून किंवा गगनबावड्याहून कामाला येणाऱ्या पोरीला त्या पत्त्यावर काहीच मिळालं नसतं. म्हणजे जुना भाडेकरू वाचवणं आणि भाड्याचं घर वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी नव्या इमारतीतल्या एक-दोन खोल्या तरी ठरलेल्या भाड्यानं ठेवायची अट लागेल. ती कशी घालायची ते मला कळत नाही, ते आपल्या नगररचनाकारांनी शोधावं. वीस टक्के लहान घरं राखून ठेवायचा नियम राज्यात आहे, पण तो दहा लाखांवरच्या शहरांना आणि चार हजार चौरस मीटरच्या पुढच्या भूखंडांना. २०११ च्या जनगणनेत आपण साडेपाच लाखांवर थांबलेलो. आपल्या पेठांत चार हजार मीटरचा प्लॉट म्हणजे खासबाग मैदानच शोधावं लागेल.

आता त्या पोरीचं काय होतं ते सांगतो, कारण मी सध्या तिच्याच जागी आहे. अकरा महिन्यांचा करार. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट तीस हजार, एजंटला एक महिना. करार नोंदवायचा कायदा आहे, न नोंदवल्यास जबाबदारी मालकाची, दंड पाच हजारांपर्यंत आणि कैदेचीही तरतूद आहे. शहरात नोंदणी फी हजार रुपये आणि वर थोडी स्टँप ड्युटी. फार नाही. तरी दर दोन घरांमागं एक करार नोटरीवर किंवा तोंडी, असं मी माझ्या ओळखीपुरतं सांगू शकतो. मग गॅस कनेक्शनला पत्ता नाही, पोराच्या प्रवेशाला पत्ता नाही. आणि पूर आला की पंचनाम्याला नाव नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा ५५ च्या वर गेली. शहरातल्या सगळ्यात स्वस्त खोल्या कुठं आहेत ते बघायचं तर त्या वर्षांचा पाण्याचा नकाशा काढावा. सुतारवाडा, सिद्धार्थनगर, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली. वाहून गेलेलं कपाट भाडेकरूचं, पण कागदावर घर मालकाचं.

ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. चाळीसेक वर्षांची मागणी, आम्हीही पेढे खाल्ले, उद्यमनगरात साखर वाटली. सहा जिल्ह्यांचे पक्षकार, वकील, त्यांचे ज्युनिअर, टायपिस्ट, कारकून आता इथं येणार. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या एजंटनं फोन केला, 'मामा, पुढच्या करारात जरा बघावं लागेल, बेंच झालंय.' बेंच भाऊसिंगजी रोडला, मी पाचगावात, मधे केवढं तरी कोल्हापूर. पण भाव मात्र थेट येऊन पोचला. अंबाबाई मंदिर परिसराचा आराखडाही पुढं सरकतो आहे. भरपाईची चर्चा मालक आणि दुकानदारांची होते. माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारा त्या बैठकीला कुठल्या नात्यानं जाणार?

योजना नाहीत असं नाही. कोरोनात मजूर पायी गावी निघाले तेव्हा, २०२० मध्ये, केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. सप्टेंबर २०२४ च्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटकच ठेवला आहे. योजनेत वर्षाला तीन, सहा, नऊ लाख अशा उत्पन्नाच्या पायऱ्या आहेत, म्हणजे आमच्यासारखे टर्नर त्यात बसतात. आपल्याकडं आवास योजना म्हटलं की माणूस 'कर्ज किती मिळेल' एवढंच विचारतो. भाड्याचा घटक वापरून पालिकेनं स्वतःच्या एखाद्या जागेवर, हद्दीच्या आत, बसथांब्यापाशी शंभरभर खोल्या बांधून त्या न विकता भाड्यानं ठेवायचं मनावर घ्यावं. हद्द १९७२ पासून तसूभर वाढलेली नाही, जागा कुठं आहे, असं आपण म्हणाल. विकास आराखड्याचं काम चालूच आहे, त्यात आरक्षण टाकायला रेघच मारायची असते.

आणि आता शाहू महाराज. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकामागून एक जैन, मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क बोर्डिंग. आपण त्याला शिक्षणकार्य म्हणतो आणि हार घालतो. मला त्यात दुसरंही दिसतं. फी माफ केली तरी खेड्यातला मुलगा शाळेत येणार नाही, कारण रात्री झोपायला त्याला शहरात जागा नाही, आणि असली तरी जातीमुळं कुणी देणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आजही 'खाणार काय, आडनाव काय' विचारून दार लावणारे घरमालक आहेत, याच शहरात, त्याच बोर्डिंगांपासून पाच मिनिटांवर. माझ्या पाचगावच्या खोलीआधी मी तीन ठिकाणी ते ऐकलं.

भेटीची वेळ मागत नाही, आपल्याकडं रांग मोठी असते. सोबत एक कागद जोडतो आहे. वाडा पडायच्या आदल्या रविवारी, पाऊस थोडा उघडला होता तेव्हा, कारागिराच्या मुलाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मी नऊही खोल्या मोजल्या होत्या. का मोजल्या ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं, हाताची सवय. खालच्या सोप्यापासून उजवीकडनं क्रमानं लिहिलं आहे. चौथी आमची. दहा फूट चार इंच बाय सतरा फूट, मोरी धरून.

आपला,
मंगळवार पेठेच्या मतदार यादीतला एक भाडेकरू